बुधवारचा रस्सा: एका मेसच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

हेतू आधीच लिहून ठेवते, म्हणजे मागाहून वाद नको.

काकूंची मेस कोल्हापुरात, सायबर चौकाच्या अलीकडच्या गल्लीत. जेवणारी साठेक माणसं. निम्मी विद्यापीठातली पोरं, बाकीच्यांचे डबे जातात, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत. रविवारी मटण, बुधवारी चिकन, शुक्रवारी अंडा करी. उरलेले चार दिवस शाकाहारी.

काकांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल वर गेलंय. लाल मांस आणि तेल कमी करा, कडधान्यं-भाज्या वाढवा, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी घरी आल्या आल्या जाहीर केलं, "एका घरात दोन सैपाक मी करणार न्हाई. त्यास्नी जे, तेच पोरास्नी." मी पोषणशास्त्र शिकलेली, त्यामुळे फाईल माझ्या गळ्यात. पर्यावरणाचा हिशोबही मी त्यातच धरलाय.

ठरलं ते असं. बुधवारचं चिकन काढायचं आणि त्या जागी कडधान्याचा रस्सा बसवायचा. शाकाहारी दिवसांची ताटं सुधारायची. रविवारच्या मटणाला हात लावायचा नाही. ही अट काकूंची आहे, पण मलाही ती पटते. ज्या गावात २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरावरून आंदोलन झालं, बैठकावर बैठका बसल्या, तिथे "मटण सोडा" म्हणून सुरुवात केली तर पहिल्याच आठवड्यात मेस रिकामी होईल. काकांनी रविवारी रस्सा-भाकरी खायची, फोडी दोनच. यावर ते अजून काही बोललेले नाहीत.

९ जून, सोमवार

शाकाहारी ताट तोलून बघितलं. फ्लॉवर-बटाटा, आमटी, भात, चपात्या, पापड. उद्या कोबी-बटाटा. परवा चिकन. गुरुवारी वांगं-बटाटा. बटाटा हा या मेसचा कायमचा सभासद आहे.

आमटीला तूरडाळ दीड किलो, म्हणजे एका जेवणाला माणशी पंचवीस ग्रॅम. भाजी तोलली तर निम्मं वजन बटाट्याचं. भात मात्र डोंगराएवढा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यातलं दिवसभराचं नमुना ताट दोन हजार कॅलरीचं: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध ३०० मिली, शेंगदाण्यासारख्या तेलबिया आणि सुकामेवा ३५ ग्रॅम. आमचं ताट त्याच्याशेजारी ठेवलं तर धान्यात आपण कधीच पुढे निघून गेलोय. डाळीत निम्म्यावर आणि भाजीत त्याहून मागे.

म्हणजे आपल्याकडे मांस नसलेल्या दिवसांची टंचाई नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, वर अख्खा श्रावण. त्या दिवशी ताटात काय येतं, ते कुणी बघत नाही. माझ्या मते बुधवारपेक्षा सोमवारचं काम मोठं आहे. पण पोरं भांडणार बुधवारसाठीच, म्हणून सुरुवात तिथून.

११ जून, बुधवार

शेवटचं चिकन. मुद्दाम मोजलं. सहा किलो चिकन साठ जणांत, हाडासकट माणशी शंभर ग्रॅम. हाड आणि कातडं वजा केलं तर साठेक ग्रॅम मांस, म्हणजे बारा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन. पन्नास ग्रॅम कोरडा मसूर शिजवला तरी तितकंच भरतं. वर तंतुमय पदार्थ मिळतात, ते चिकनमध्ये अजिबात नसतात.

दोन वाट्या रस्सा, दोन लहान फोडी. पोरं चिकन म्हणून खातात तो बहुतेक रस्साच. हे मी मोठ्यानं बोलले नाही.

१४ जून, शनिवार

लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात. अख्ख्या मसुराची दोन पोती शेजारी शेजारी उघडी होती. एकात ठोकळ, एकसारखा, फिकट दाणा. दुसऱ्यात बारीक, काळपट, मधूनच एखादा खडा. दुकानदार म्हणाले, "ताई, ह्यो जहाजातनं आलेला. आन् ह्यो गावरान. गावरान शिजायला जरा टाईम घेतो, पन फुटत न्हाई." मसूर देशात पुरेसा पिकत नाही म्हणून कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातून येतो. पर्यावरणासाठी मसूर खायचा आणि तो समुद्रापलीकडून आणायचा, हे मलाही आधी विचित्र वाटायचं. पण जहाजानं येणाऱ्या धान्याला मैलामागे इंधन फार कमी लागतं. बहुतेक अन्नात वाहतुकीचा वाटा थोडा असतो, मोठा भाग शेतात आणि गोठ्यात खर्च होतो. तरी गावरान घेतला, न फुटणारा दाणा हवा म्हणून.

मूठभर दाणे तळहातावर घेऊन दुकानदारांनी फुंकर मारली, कोंडा उडाला. नंतर एक दाणा दातात धरून कडकन फोडला. "वाळलाय चांगला. टिकंल." मी दर बघत होते, ते ओल बघत होते.

मटकी, हुलगा आणि चवळीही घेतली. मटण सातशेच्या पुढे आणि मसूर शंभरच्या आत-बाहेर, त्यामुळे हिशोबाच्या वहीवर काकू खूश.

१८ जून, बुधवार

पहिला मसूर रस्सा. सविस्तर लिहिते, कारण पुढं स्वयंपाकाच्या मावशींना याच कागदावरून करायचं आहे.

मसूर तीन तास भिजवला, तीन किलो. भिजलेलं पाणी ओतून दिलं. कुकरला न लावता पातेल्यातच शिजवला, दाणा अखंड पण दाबला की मऊ. शिजलेलं पाणी ठेवायचं, त्यात जीव असतो.

कांदे अख्खे जाळावर भाजले, वरचं साल कोळशासारखं होईपर्यंत. सुकं खोबरं, तीळ, थोडी खसखस, धणे, आलं, लसूण, कोथिंबीर. वाटण एकदम बारीक. काकूंचा नियम असा की वाटणाचा रवा बोटाला लागला तर परत मिक्सरला. वाटण परतताना तेल नेहमीच्या निम्मं टाकलं. काकूंनी माझ्याकडं बघितलं, बोलल्या काही नाहीत.

चटणी घरची. एप्रिलमध्ये डंकावर कुटून आणलेली. यंदा बरं झालं लवकर केली, कारण पाऊस मे महिन्यातच आला आणि ज्यांनी मिरच्या शेवटच्या आठवड्यावर ठेवल्या होत्या त्यांच्या वाळायच्या राहिल्या. आमच्या चटणीत ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. ही चटणी हाताशी नसती तर मी हा प्रकल्प हाती घेतलाच नसता.

मेख कटाची. मेसच्या रस्स्यावर लाल तवंग दिसला नाही तर पोरं पळी फिरवून बघतात. तेल निम्मं केल्यावर तवंग येणार कुठून? उपाय काकूंचाच. थोडं तेल वेगळं तापवलं, गॅस बंद केला, जरा थांबून त्यात दोन चमचे चटणी सोडली. तेल कडकडीत असतं तर चटणी करपून कडू झाली असती. हे लाल तेल शेवटी रस्स्यावर फिरवलं. आत तेल निम्मं, वर रंग पूर्ण.

दाताखाली काहीतरी लागावं म्हणून शेवग्याच्या शेंगा टाकल्या. नळीसारख्या चोखता येतात. ही कल्पना मावशींची, आणि आजच्या दिवसातली सगळ्यात चांगली.

पहिली पंगत बसली. सांगलीकडचा एक पोरगा दारातूनच ओरडला, "काकू, बुधवारी रविवारचा वास कसा काय?" ताट समोर आल्यावर त्याचं तोंड पडलं. पण रस्सा तीनदा मागितला. एक जण निम्म्यातून उठून कोपऱ्यावरच्या गाडीवर ऑम्लेट खायला गेला. काकूंनी नाव लिहून ठेवलंय, कशासाठी ते सांगत नाहीत.

१९ जून, गुरुवार

अपेक्षित तक्रार आली: पोटात गॅस. एमआयडीसीतल्या एकानं डब्यातून चिठ्ठीच पाठवली, "काकू, मशीनवर उभं राहवेना."

कडधान्यात रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या खातात आणि वायू सोडतात. भिजवून पाणी फेकलं तर काही साखरा निघून जातात, मोड आणले तर आणखी कमी होतात. आणि ज्याला सवय नाही त्यानं एकदम दोन वाट्या चापल्या तर व्हायचं ते होणारच. पुढच्या वेळी: भिजवण रात्रभर, दोनदा पाणी बदल, फोडणीत हिंग-ओवा, आणि पहिल्या महिन्यात रस्सा पातळ, दाणे बेताचे.

२५ जून, बुधवार

फणस. कोकणातून येणाऱ्या कच्च्या फणसांचा हंगाम संपत आलाय. चिरताना हाताला आणि विळीला तेल लावून दोघी दमल्या, चीक तरी ओट्यावर बसलाच. चवीला मटणाच्या जवळ, पोरं फसली, टाळ्या पडल्या. पण फणसात प्रोटीन नगण्य. वर्षातून एकदा गंमत म्हणून ठीक, बुधवारची जागा त्याला द्यायची नाही.

२ जुलै, बुधवार

मटकीचा रस्सा, मोड आलेल्या. गॅसची तक्रार नाही म्हणण्याइतकी कमी.

पोरांकडून अर्ज आला: बुधवारी पनीर करा. काकू तयार होत्या, कारण "पनीर म्हटलं की मान राहतो". मी अडवलं.

२०१८ मध्ये जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास मांडला. ११९ देश, ३८ हजारांवर शेतं, चाळीस प्रकारचं अन्न. एक किलो अन्न तयार होताना किती हरितगृह वायू सुटतात याची त्यातली क्रमवारी बघितली तर वर गोमांस, मग मेंढी-बकरी, आणि त्यांच्या मागोमाग चीज. चिकन त्याच्या बरंच खाली. कडधान्यं तळाशी. पनीर म्हणजे चीज नव्हे, पण दूध आटवून-नासवून घट्ट करण्याचंच काम. म्हशीच्या दुधाचं एक किलो पनीर करायला पाचेक लिटर दूध लागतं. चिकन काढून पनीर आणलं तर पर्यावरणाच्या खात्यावर आपण उलट खर्च वाढवून बसू, आणि काकांच्या ताटातली संतृप्त चरबीही काही कमी होणार नाही.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी हे रवंथ करणारे प्राणी. त्यांच्या पहिल्या पोटात चारा आंबतो आणि तिथे तयार होणारा मिथेन ढेकरेतून बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशोबानं मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवतो. कोंबडी रवंथ करत नाही, म्हणून ती यादीत खाली.

काकांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन आम्ही पाप केलं म्हनायचं." तसं काही नाही. जगभरच्या सरासरीचे आकडे आपल्या बांधावर पाला खाणाऱ्या शेळीला जसेच्या तसे चिकटवणं मलाही पटत नाही. ज्या बाईला जमीन नाही, तिच्या दारातली दोन करडं म्हणजे पोराची फी असते. पण ढेकर इथली शेळीही देते. दूध बंद करा असं मी म्हणत नाही. चिकनच्या जागी पनीर नको, एवढंच.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी नेमकी रविवारी आली. मटण नाही. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे पापड, वेफर्स, केळ्याची शिकरण. पिष्टमय पदार्थांचं ताट. काकूंच्या देवघरातल्या कॅलेंडरवर श्रावणातल्या सगळ्या उपवासांवर खुणा करून ठेवल्या.

१५ जुलै, मंगळवार

आज मेसमध्ये कुत्रं नाही. त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची यात्रा. आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी गल्ल्यागल्ल्यांतून पंचगंगेचं नवं पाणी टेंबलाईच्या पायऱ्यांवर ओतायला नेतात. पी-ढबाक वाजत असतं आणि परत आल्यावर गल्लीत मटणाचं जेवण. पोरांना कुणी ना कुणी ओढून नेतंच.

प्रकल्पाच्या दृष्टीने आखाड म्हणजे सुट्टी. मी पण आत्याकडे जेवून आले. तांबडा, पांढरा, दोन्ही.

पांढऱ्याविषयी एक नोंद. गेल्या आठवड्यात चवळीच्या पाण्यात नारळाचं दूध, काजू, खसखस घालून पांढरा रस्सा करून बघितला. दिसायला तोच, पण घोट घेतल्यावर मागे काही उरत नाही. पांढऱ्याचा सगळा जोर अळणीत असतो, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्यात. तांबड्याला भाजलेला कांदा आणि चटणी सावरून घेते, पांढऱ्याला सावरणारं कुणी नाही. तो रविवारीच राहू दे.

१६ जुलै, बुधवार

सोया चंक्स. तालमीत आणि जिमला जाणाऱ्या पोरांची मागणी. सोयाबीनचं तेल काढून घेतल्यावर उरलेल्या पिठाचे हे गोळे, शंभर ग्रॅमला पन्नासच्या आसपास प्रोटीन. जिल्ह्यात सोयाबीन भरपूर पिकतं, चंक्स मात्र पाकिटातून येतात. गरम पाण्यातून काढून दोनदा पिळले की वास जातो. पिळताना मावशी म्हणाल्या, "फरशी पुसायचा स्पंजच हाय हा." चव रस्स्याची. महिन्यातून एकदा ठेवू.

२४ जुलै, गुरुवार

आषाढी अमावस्या. खाटकाकडच्या रांगेत काका.

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. मेसमधले निम्म्याहून जास्त उपवासाचे. साबुदाण्याऐवजी वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी. दाणे गडहिंग्लजकडचे. दाणे भाजून, मिरची-जिऱ्यासोबत वाटून, आमसूल घालून. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नाही, शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला चोवीस-पंचवीस. ज्यांना साबुदाणा हवाच होता त्यांना खिचडी दिली, पण त्यात दाण्याचं कूट दुप्पट.

एक इशारा माझ्यासाठीच: श्रावणात महिनाभर मांस-अंडी बंद ठेवणाऱ्यांना ताक-दही चुकवू द्यायचं नाही. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. महिन्याभरानं फरक पडत नाही, शरीरात साठा असतो. पण दोघं-तिघं बारमाही शाकाहारी आहेत आणि त्यातला एक दूधही घेत नाही. त्याला डॉक्टरांकडून तपासून घ्यायला सांगितलं.

दुसरं, लोह. कडधान्यातलं लोह मांसातल्या लोहासारखं सहज शोषलं जात नाही. लिंबू पिळलं तर मदत होते, जेवल्या जेवल्या चहा घेतला तर अडतं. ताटात लिंबाची फोड आजपासून कायम. चहाचं मात्र कुणाला सांगायचं? जेवून उठलं की कटिंग मारल्याशिवाय एकाचंही पाऊल पुढं पडत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

गावी, कागल तालुक्यात. चुलत आजोबांच्या शेतात सगळीकडे ऊस. बांधावर घेवड्याचे दोन वेल, तेवढंच कडधान्य.

आबांना विचारलं, मसूर, हरभरा का नाही लावत? "पोरी, उसाला एफआरपी हाय, सरकारनं बांधलेला दर. कारखान्याची तोड येती, पैसं बँकेत. मसुराची पोती घिऊन मी कुठं फिरू?" बरोबरच आहे. उसाच्या सरीत चवळी, भुईमूग घेतात ते लोक आहेत, आबाही घ्यायचे. द्विदल पिकाच्या मुळांवर गाठी असतात, त्यातले रायझोबियम जीवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधतात. मागून येणाऱ्या पिकाला युरिया कमी लागतो. युरिया करायला नैसर्गिक वायू लागतो, आणि शेतात जास्त पडला तर त्यातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, तो मिथेनपेक्षाही कितीतरी जहाल. आबांना यातलं बरंचसं आधीच माहीत होतं, रसायनांची नावं सोडली तर. "चवळी काढल्यावर ऊस काळा पडायचा," म्हणाले. म्हणजे गर्द हिरवा.

मग बंद का केलं? शेंगा तोडायला माणूस मिळत नाही.

परत येताना बसमध्ये हाच विचार. वनस्पतींचं अन्न म्हणजे आपोआप स्वच्छ, असं नाही. शिरोळकडं पाण्यानं आणि खतानं क्षारपड झालेल्या जमिनी आहेत, तिथं पिकत होता तो ऊसच. साखर काही बकऱ्यापासून होत नाही. आपल्या जिल्ह्यात पर्यावरणाचा हिशोब करायचा तर ताटातल्या फोडीआधी चहातल्या साखरेपासून करावा लागेल. हे या फाईलच्या कक्षेबाहेर, पण लिहून ठेवलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

भाकरीचा प्रश्न.

मसूर रस्सा भाकरीबरोबर खायचा पदार्थ. चपातीबरोबर त्याची मजा निम्मी. शिवाय ज्वारी-नाचणीत तंतू जास्त, आणि नाचणीत कॅल्शियम शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. कडधान्याला धान्याची जोडही लागतेच: प्रोटीनच्या घटकांपैकी डाळीत मेथिओनिन कमी, धान्यात लायसिन कमी, दोन्ही एकत्र आली की प्रोटीन पुरं होतं.

पण साठ माणसांना भाकरी कोण थापणार? चपाती आदल्या तासात करून डब्यात रचता येते. भाकरी उतरली की खायची, नाहीतर कडक. मावशींचा हात तयार आहे. परातीत पीठ मळतात, उकळतं पाणी, तळव्यानं रेटून रेटून, पीठ हाताला चिकटायचं बंद होईपर्यंत. मग थाप. गोळा परातीत गोल फिरत मोठा होत जातो, कडेला बोटं इतकी हलकी लागतात की चीर पडत नाही. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची, शेवटी जाळावर. फुगली की मावशी तिच्याकडं बघतही नाहीत, पुढची थापायला घेतात. त्यांच्या हातची नाचणीची भाकरीसुद्धा फुगते. माझी ज्वारीचीही मध्येच तडकते.

एका बाईला साठ माणसांच्या भाकऱ्या म्हणजे दोन-अडीच तास चुलीपुढं. काकूंनी गल्लीतल्या आणखी एका बाईंना बुधवार-शनिवार बोलवायचं ठरवलं, भाकरीमागे पैसे देऊन. चिकनमधून जे वाचलं त्यातला बराच भाग इथं जाणार. काकू म्हणाल्या, "खाटकाला दिलं असतं ते हिला दिलं. गल्लीतच राह्यलं की." मला हा खर्च पूर्ण मान्य आहे. भाकरी नसेल तर बुधवार टिकणार नाही.

नव्या बाईंनी पहिलीच अट घातली: एका माणसाला दोनपेक्षा जास्त भाकऱ्या नाहीत. पोरांनी निषेध नोंदवला. भाताचा डोंगर मात्र त्या दिवशी आपोआप खाली आला, कुणी सांगितलं नव्हतं.

२० ऑगस्ट, बुधवार

पाऊस लागून राहिलाय. कपिलतीर्थ मंडईत माळवं कमी आणि महाग, कोथिंबिरीच्या पेंडीचा दर विचारून परत ठेवली. २०१९ च्या महापुरात हायवे बंद पडला तेव्हा भाजीची आणि दुधाची काय गत झाली, ते गावातल्या सगळ्यांना आठवतं. काकूंनी तेव्हापासून एक पोतं कडधान्य फळीवर कायम ठेवलंय. मी आता त्याला प्रकल्पाचा साठा म्हणते, काकू पुराचं पोतं म्हणतात.

आज हुलगा. रात्रभर भिजवून, कुकरच्या भरपूर शिट्ट्या. वरचं पाणी काढून त्याचं कळण केलं, लसूण आणि तुपाची फोडणी. दाण्यांचा घट्ट रस्सा. या हवेत कळण वाटीनं नाही, तांब्यानं संपलं.

भाजी नाही म्हणून बटाटा परत आला, पण पाव भाग. बाकी टाकळा आणि कुर्डू. रानभाज्या घेऊन बसणाऱ्या बायका मंडईच्या कडेला पोत्यावर असतात, दर ठरलेला नसतो, वाटा असतो. टाकळ्याची कोवळी पानं शिजवून पिळून, कांदा-लसणावर. साताऱ्याकडच्या एका पोरानं "आमच्या आज्जीची" म्हणून दोनदा घेतली. शहरातल्या दोघांनी ताटाच्या कडेला सारून ठेवली.

३ सप्टेंबर, बुधवार

गौरी-गणपतीला पोरं गावी. अर्धं पातेलं. चवळी.

१० सप्टेंबर, बुधवार

हिशोब आणि तंटे.

तेल: जूनपेक्षा निदान एक तृतीयांश कमी लागतंय. बुधवार-सोमवार आटोक्यात आहेत, शुक्रवारची अंडा करी अजून तेलात पोहते. अंड्यांवर वाद नाही, ती राहणार. करी दुरुस्त करायची.

मीठ: माझं लक्ष उशिरा गेलं तिकडं. घरच्या चटणीतच मीठ असतं, वर आपण रस्स्यात घालतो, वर पापड-लोणचं. दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा आपण पहिल्याच जेवणात ओलांडत असणार. पापड आठवड्यातून दोनच दिवस. लोणच्याला हात लावायची माझी हिंमत नाही.

सभासद: दोघं सोडून गेले, त्यातला एक तो ऑम्लेटवाला. तिघं नवे आले. त्यातल्या एकाच्या आईनं फोन करून विचारलं होतं, "तिथं भाकरी मिळती म्हणं?"

पैसे: भाकरीच्या बाईंचे जाऊन उरलेल्यात सोमवारी आणि गुरुवारी ताटात एक केळं किंवा पेरू. मेसचा दर तोच ठेवलाय. ऑक्टोबरात वाढवायचा की नाही यावर काकू आणि काका बोलत नाहीत, म्हणजे बोलून झालंय.

काका: रक्ताची तपासणी पुढच्या महिन्यात. रविवारी फोडी दोन ठरल्या होत्या. मी वाढायला असते तेव्हा दोनच असतात. काकूंनी परवा सांगितलं, "मी वाढतो तवा तीन. तू वहीत दोनच लिव."

दोनच लिहिल्या आहेत.

पुढच्या बुधवारी परत मसूर, शेवग्याच्या शेंगांसह. मंगळवारी रात्री भिजत घालायला मावशींना आठवण करायची, तीन नाही, साडेतीन किलो.